शेवटच्या रांगेतला खलाशी

हे प्रकरण लिहायचं मी टाळत आलो. आठवणींची वही सुरू केली तेव्हा शाळेवर लिहिलं, मिलच्या भोंग्यावर लिहिलं, वडिलांच्या सायकलवर तर आख्खी आठ पानं लिहिली. पण त्या एका वर्षापाशी आलो की पेनाचं टोपण लावायचो आणि उठायचो. आमच्या घरात या प्रकरणाची एक ठरलेली हकीकत आहे. माझ्या मुलांना आणि अक्काच्या मुलांना ती पाठ आहे. मामाचा एक दोस्त होता, रशीद. त्यानं स्टेजवर दाजींची टर उडवली, दाजींच्या मनाला लागलं, आणि ते शहर सोडून गावी निघून गेले. एवढीच. ही हकीकत मी तयार केली आहे आणि ती खोटी आहे. रशीद गेला, अक्का गेली, दाजींनाही जाऊन आता दोन पावसाळे झाले. ऐकणारी माणसं संपल्यावर खरं बोलायला काही धाडस लागत नाही, हे मला समजतं. तरी लिहितो.

लिहिण्याचं निमित्त नातीचा मोबाइल. गेल्या महिन्यात ती दिवाणावर पालथी पडून फोनवर काहीतरी बघत होती आणि अंग हलेपर्यंत हसत होती. आजोबा, हे बघा, तुमच्या काळातला पिक्चर, म्हणून तिनं मलाही शेजारी बसवलं. दोन पोरं होती, एक दाढीवाला आणि एक चष्म्याचा. दोघं जण एक जुना, भिकार डान्सचा सिनेमा लावून बसले होते, मधेच थांबवत होते आणि प्रत्येक दृश्यावर काहीतरी बोलत होते. पोरं तयारीची होती. कुठे गप्प राहायचं, किती वेळ राहायचं, हे त्यांना येत होतं. हा धंदा मी केलेला आहे, त्यामुळे मला ते कळतं. मी हसलोही. मग पडद्यावर प्लायवूडचं जहाज आलं. बंद कर म्हणालो. ती म्हणाली, थांबा हो, खरी मज्जा पुढेच आहे. जहाजावर रुपेरी चड्ड्या घातलेले खलाशी नाचत होते. पोरांनी चित्र थांबवलं, शेवटच्या रांगेतल्या एका खलाशाभोवती लाल गोल काढला आणि दाढीवाला म्हणाला, याला घरून निघताना आईनं डावं-उजवं सांगितलंच नाही. नातीला हसून उचकी लागली. मी उठून गॅलरीत गेलो, आत आलो, पाणी प्यालो, पुन्हा गॅलरीत गेलो. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, बीपी तपासून या. तो खलाशी कोण, हे तिलाही माहीत नाही.

आम्ही तेव्हा उस्मानपुऱ्यात राहायचो. दोन खोल्या, पुढची स्लॅबची आणि मागची पत्र्याची. वडील सरकारी कचेरीत शिपाई. आवाजांवरून वेळ कळायची असं ते घर होतं. पहाटे मशिदीतली अजान, मग आईचं भाकरी थापणं, मग मिलचा भोंगा, आणि त्यानंतर दिवसभर अक्काचं शिलाई मशीन. अक्का, म्हणजे शीला, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. गल्लीतल्या निम्म्या बायकांची पोलकी तिच्या हातची असायची. रविवारी विहारातली वंदना लाउडस्पीकरवरून आमच्या चुलीपर्यंत यायची आणि आई भाकरी थापता थापता ओठातल्या ओठात म्हणायची. येसर मसाला घातलेली आमटी, ज्वारीची भाकरी, पाट्यावरचा ठेचा, हे रोजचं. एखाद्या रविवारी रशीदच्या घरून नान-खलियाचा, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्शाचा, डबा यायचा आणि त्या दिवशी आई नुसता भात लावून मोकळी व्हायची.

या घरात दाजी आले. नाव मधुकर, गाव देवगाव रंगारी, घरी कोरडवाहू शेती आणि चार भाऊ. अठराव्या वर्षी ते मुंबईला पळाले होते आणि चार वर्षं सिनेमात ग्रुप डान्सर होते. म्हणजे हिरो पुढे नाचतो आणि मागे पंधरा-वीस जण नाचतात, त्या मागच्यांतले एक. मग परत आले, ते पुन्हा कधी गेले नाहीत. अक्काशी लग्न झालं. तिचं शिवणाचं गिऱ्हाईक इथं बसलेलं, गावी शेतात पाचवा वाटेकरी कुणाला नको होता, म्हणून दोघं आमच्याकडेच राहिली. घरजावई हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. पण गल्लीला तोंड होतं. दाजी आमच्या घरात होते तोवर त्यांनी दुसरी भाकरी कधी मागून घेतली नाही. आई वाढायला आली की ताटावर हात आडवा धरायचे. मला ते फार उशिरा दिसलं.

दाजींनी गच्चीवर डान्सचा क्लास काढला. संध्याकाळी गल्लीतली वीस-पंचवीस पोरंपोरी वर जमायची, टेप लागायचा आणि दाजींचा आवाज यायचा, एक दोन तीन चार, पाय उचल, पाय उचल. स्लॅब जुना होता. वर पाय आपटले की खाली चुन्याचा भुगा पडायचा. आई आमटीवर ताटली झाकून ठेवायची आणि वर बघून म्हणायची, नाचा बाबांनो, घर पडलं तर अंगणात नाचाल. पण ती क्लास बंद करा असं कधी म्हणाली नाही. त्या वर्षी शहरातल्या एका शाळेनं दाजींना स्नेहसंमेलनाचे नाच बसवायला बोलावलं. शाळेच्या अध्यक्षांनी शब्द दिला होता की कार्यक्रम चांगला झाला तर जूनपासून नाचाचे शिक्षक म्हणून कायम घेऊ. पैठण गेटच्या बाजूला एक खोली अक्का आणि दाजी दोघांनी जाऊन बघूनही ठेवली. अक्कानं खिडकीचं माप आणलं आणि पडद्याचं कापड बेतून मशीनच्या खणात ठेवलं. त्या खोलीचं सगळं त्या नोकरीवर होतं. हे मला पूर्ण माहीत होतं, हे इथे लिहून ठेवतो.

आणि नेमका तेव्हाच, काही वर्षं डब्यात पडून राहिलेला तो सिनेमा शहरात आला. नाव लिहीत नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी तो विसरायला कष्ट घेतले असतील. हिरो गावाकडचा दूधवाला. म्हशी धुता धुता नाचतो. एक स्मगलर डान्सच्या बुटांच्या टाचांतून हिरे पळवत असतो. दूधवाल्याची आई त्यानं डांबून ठेवलेली. तिला सोडवायची अट काय, तर जहाजावर डान्सची स्पर्धा जिंकायची. स्पर्धा एवढा वेळ चालते की तेवढ्यात आई चालत घरी पोचली असती. आम्ही सगळे मॅटिनीला गेलो होतो. आई लुगड्याची घडी मोडून, वडील रजा टाकून. दाजींनीच तिकिटं काढली. आपण कुठे दिसतो ते आम्ही स्वतः ओळखावं, असं त्यांना वाटत होतं. आणि ते दिसले. जहाजाच्या डेकवर सोळा नाचणारे खलाशी, नाचणाऱ्या सहा पोरी. सगळे खलाशी उजवीकडे गर्रकन वळतात आणि शेवटच्या रांगेतला एकटा डावीकडे वळतो. हात लांब केलेला, आणि क्षणभर घाबरून थेट आपल्याकडे बघतो. थिएटर फुटलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. आईला काही कळलं नाही, ती म्हणाली, आपलेच आहेत ना ते. बाहेर आल्यावर दाजींनी सगळ्यांना चहा पाजला आणि वडिलांना एवढंच म्हणाले की हा पिक्चर मी केलाय हे बाहेर कुणाला सांगू नका. शाळेला त्यांनी सिनेमात काम केलंय असं सांगितलं होतं, कोणत्या ते नव्हतं सांगितलं.

चार-आठ दिवसांनी गच्चीवर टेपची बॅटरी बदलताना त्यांनी आपणहून मला खरं सांगितलं. प्लायवूडचा डेक, खाली पोकळ, वरून चारदा पाणी मारलेलं. त्या शॉटला शेजारच्या पोरीच्या पायाखालची फळी मोडली. खाली खिळ्यांच्या तुळया होत्या. दाजींनी वळायचं होतं उजवीकडे, ते डावीकडे वळले आणि तिचा दंड धरून तिला वर ठेवलं. ती पोरगी पडद्यावर दिसत नाही, हिरोच्या बाहीनं झाकली आहे. दिसतात फक्त दाजी आणि त्यांचा लांब केलेला हात. हिरो पुन्हा नाचायला तयार नव्हता, म्हणून तोच शॉट ठेवला. डान्स मास्तरनं संध्याकाळी दाजींना काढून टाकलं आणि ही गोष्ट पसरवली की याला डावं-उजवं कळत नाही. मग कुठेच काम मिळेना. "ती पोरगी खाली गेली असती तर पाय कामातून गेला असता तिचा," दाजी म्हणाले. "नाचणाऱ्याचा पाय हाये तो. आपुन वळलो उलटं, तर काय झालं." एवढं बोलून त्यांनी टेप लावला. हे त्यांनी घरात दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. अक्कालासुद्धा नाही, का ते मला आजही सांगता येत नाही.

आता माझं. मी कॉलेज अर्धवट सोडून एका ऑर्केस्ट्रात नकला करायचो. दोन गाण्यांच्या मध्ये गायिका साडी बदलते, ढोलकीवाला पाणी पितो, तेवढी दहा मिनिटं आम्ही भरून काढायचो, मी आणि रशीद. रशीद सिटी चौकाकडचा, अंगानं काटकुळा, चेहरा रबरासारखा. तो अंगानं करायचा, मी माइकवरून बोलायचो. लिहायचं सगळं मी. त्याचे वडील जुन्या काळातले नक्कल करणारे. लग्नांत पाटील, वकील, मौलवी सगळ्यांची नक्कल करून पोट भरलेले. त्यांचा एक कायदा होता आणि रशीद तो नमाजासारखा पाळायचा. ओळखीच्या माणसाची नक्कल करायची तर आधी त्याला जाऊन विचारायचं. आणि तो मैफलीत हजर असला, तर शेवटी त्याला सगळ्यांसमोर वर बोलवायचं, हात मिळवायचा, सलाम करायचा. म्हणजे लोक त्याला हसले असं राहत नाही, तोही आपल्यात बसून हसला असं होतं. रशीद म्हणायचा, इजाजत हो तो नक्कल, नहीं तो चोरी.

त्या सिनेमावर मी आयटम लिहिला. शहरभर लोक त्याला हसत होते, मी नसता लिहिला तर दुसऱ्यानं लिहिला असता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण दुसऱ्यानं शेवटचा खलाशी लिहिला नसता. म्हशी, बूट, डांबलेली आई, यावर लोक हसायचे. खलाशी आला की खुर्च्यांवरून खाली यायचे. मी माइकवर म्हणायचो, मंडळी, जहाज भर समुद्रात आहे, वारा सुटलाय, मागचा पडदा हलतोय, पाणी मात्र जागेवर आहे. कप्तानाचा हुकूम झाला, उजवीकडे वळा. पंधरा खलाशी वळले. सोळावा म्हणाला, साहेब, माझं सासर डावीकडे आहे, मी तिकडेच राहतो. आणि रशीद चांदीच्या कागदाची चड्डी घालून डावीकडे वळायचा, हात लांब, डोळे फाटलेले. पहिल्यांदा वैजापूरला केला. मार्केट यार्डातली माणसं अशी हसली की पुढचं गाणं दहा मिनिटं सुरू होईना. असं हसणं एकदा कानात गेलं की माणूस त्याच्यासाठी काय वाटेल ते करतो. परतीच्या टेम्पोत रशीद चड्डीचा कागद काढत म्हणाला, हा शेवटचा खलाशी कोण असेल रे, भेटला तर पाय धरीन. मी गुर्मीत होतो. म्हणालो, आमचे दाजी आहेत.

रशीदचा हात थांबला. "पूछा क्या उनको?"

"हो," मी म्हणालो. "तेच म्हणाले, करा."

तो एक शब्द. त्यानंतर जे झालं ते सगळं त्याच्यातून झालं. फळीचं आणि त्या पोरीचं मी रशीदला सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर त्यानं आयटम करायला नकार दिला असता. आणि मनाला मी असं समजावलं की मेव्हण्यानं दाजींची थट्टा करायची नाही तर कुणी करायची. आपल्याकडे तो मेव्हण्याचा हक्कच आहे. लग्नात जोडा लपवतो, जेवताना पाटाखाली पापड ठेवतो, तसंच हे. पण जोडा लपवताना जोड्याचा मालक समोर असतो, एवढं मी सोयीनं विसरलो.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला ऑर्केस्ट्रा आमचाच ठरला. दुपारी चारला कार्यक्रम सुरू, आधी मुलांचे नाच, मग आम्ही. माझ्याकडे दुसरे आयटम होते. मालकाला सांगून बदलता आला असता. पण शहरातला पहिला मोठा कार्यक्रम, दोन हजार माणूस, आणि शहरात तो सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला. मी ठरवलं की कुणाला काही कळणार नाही. दाजी ओळखतील, घरी आल्यावर दोन शिव्या देतील, अक्का रुसेल, संपलं. मुलांचे नाच उत्तम झाले. लेझीम आणि पाश्चात्त्य पावलं एकत्र करून दाजींनी एक नाच बसवला होता, त्याला अध्यक्ष उभे राहून टाळ्या वाजवत होते. दाजी विंगेत होते. गालाला रंग लावलेली पोरं रांगेत बसवून एकेकाचा पट्टा सोडत होते. मी त्यांच्या समोरून माइककडे गेलो. ते म्हणाले, "चांगलं कर रे बाळू." हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आयटम वैजापूरपेक्षा जोरात गेला. सासरच्या वाक्याला गल्लीतली जी माणसं आली होती ती एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना खलाशी माहीत नव्हता, पण घरजावई माहीत होता. मी मुद्दाम विंगेकडे बघितलं नाही. शेवटच्या वळणावर रशीद थांबला, लोक हसत असतानाच माझ्यासमोरचा माइक त्यानं आपल्याकडे वळवला, आणि माझ्या लक्षात आलं की हा आता काय करणार आहे. मी इजाजत मिळाली म्हणून सांगितलं होतं. माणूस समोर हजर होता. कायद्याप्रमाणे त्याला ते करणं भाग होतं.

"साहेबान," रशीद म्हणाला, "हमारे वालिद का एक कायदा है. जिसकी नक्कल करे, उसको सलाम करे बगैर उतरना नहीं. वो सोलहवा खलाशी आज यहाँच है. तुमारे बच्चों के मास्टर, हमारे बालू के दाजी. आओ दाजी, हाथ मिलाओ."

मैदान असं हसलं की मला पायाखाली ते जाणवलं. दाजी विंगेतून बाहेर आले. हातात कुणाचातरी छोटा पट्टा होता, तो त्यांनी खिशात घातला. रशीदशी हात मिळवला. रशीदनं वाकून सलाम केला. त्याच्या तोंडावर इतका सरळ आनंद होता की मला तिथून पळावंसं वाटलं. इथे संपलं असतं. पण मागच्या रांगांतून पोरं ओरडायला लागली, करून दाखवा, सर करून दाखवा. अध्यक्षही हसून हातानं खूण करत होते, होऊ द्या. दाजींनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग ते स्टेजच्या मधोमध आले, मनातल्या मनात चार मोजले, ओठ हललेले मला दिसले, आणि ते डावीकडे वळले. सिनेमात होतं तसं, तंतोतंत. हात लांब केलेला, बोटं मिटलेली. दोन हजार माणसं हसत होती. त्या मिटलेल्या बोटांत काय धरलं होतं, हे तिथे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी माइकजवळ उभा होतो. बोलणं हे माझं काम होतं. मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी आंघोळ करून पुढच्या खोलीत बसले. आई भाकरी थापत होती, अक्का मशीनवर होती. दाजींनी मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही.

"कुणाचं डोकं व्हतं ते? खरं सांग, मी रागवत नाय."

मशीन थांबलं. वडील दाराशी चपला घालत होते, तेही थांबले. मी म्हणालो, "रशीदचं. मी नको म्हणत होतो."

"सासरचं बी त्यालाच सुचलं?"

"हो."

दाजींनी मान हलवली. मग म्हणाले, चांगला पोरगा वाटला व्हता. मशीन पुन्हा सुरू झालं. अक्का शिवताना एकदाच मान वर करून माझ्याकडे बघून गेली. तिनं त्या दिवशी ओळखलं का, हे मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

त्याच दुपारी रशीद नान-खलियाचा डबा घेऊन आला, कालच्या कार्यक्रमाच्या खुशीत. दाजी मागच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. आईनं डबा घेतला नाही. हात ओले आहेत म्हणाली, हात कोरडे होते. रशीदनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्याला सगळं समजलं. चेहऱ्यांवर पोट भरणारा माणूस तो. मी त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे तो म्हणाला, "मैं बाहर का हूँ, मेरे पे रहने दे. तू घर का है. पण तू सांग त्यांना. तुझ्या तोंडानं सांग." मी सांगतो म्हणालो. त्यानं डबा सायकलच्या हँडलला लावला आणि गेला. त्यानंतर आम्ही एकत्र स्टेजवर उभे राहिलो नाही. मी नकला सोडल्या, पुढे पोस्टात लागलो. नकला का सोडल्या असं कुणी विचारलं की मी एक विनोद सांगायचो.

शाळेनं दाजींना निरोप पाठवला, तोही प्रेमानंच. अध्यक्ष म्हणाले होते की माणूस मजेशीर आहे, दरवर्षी गॅदरिंगला एखादा विनोदी आयटम बसवायला जरूर बोलवू. पण शिक्षक म्हणून मुलं आता यांना गंभीरपणे घेणार नाहीत. ते खरंच होतं. गच्चीवर पोरं यायची आणि मुद्दाम डावीकडे वळायची. महिनाभर दाजींनी एक दोन तीन चार केलं. मग एके दिवशी वरून आवाज आला नाही. आईनं सवयीनं आमटीवर ताटली झाकली होती. उन्हाळ्याच्या तोंडाला अक्का आणि दाजी देवगावला निघून गेले. मशीन टेम्पोत चढवताना त्याच्या खणातलं पडद्याचं कापड अक्कानं काढून आईला दिलं, फडक्याला होईल म्हणून.

देवगावला मी पुष्कळदा गेलो. जावळ, लग्नं, दुखणी, काही ना काही निमित्त असायचं. जाताना बसमध्ये वाक्य तयार करायचो, माइकसाठी करायचो तसं, कुठे थांबायचं ते ठरवून. आणि दरवेळी माणसं असायची, जेवण असायचं, दाजी कांद्याच्या भावाचं बोलत असायचे, आणि मी परत यायचो. रशीदही जायचा. हे मला अक्काकडून कळलं. दर रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायचा, ओट्यावर बसायचा, अक्काशी बोलायचा. दाजी शेतावर निघून जायचे. तो तास-दीड तास वाट बघायचा आणि शेवटची बस धरायचा. खरं एका वाक्यात सांगून मोकळा झाला असता. त्यानं ते वाक्य माझ्यासाठी ठेवलं होतं. रशीद गेला तेव्हा मी मातीला गेलो, पण त्याच्या मुलाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

अक्का गेल्यानंतरच्या वर्षी मी दाजींकडे दोन दिवस राहायला गेलो होतो. ते पुष्कळ थकले होते. दुपारची वेळ, सुना शेतात, घरात आम्ही दोघंच. दाजींनी स्वतः चहा केला आणि ओट्यावर आणून ठेवला. इकडचं तिकडचं झालं.

"एक इचारू का, बाळू?" ते म्हणाले. "रशीदचं मी काय वाकडं केलं व्हतं?"

मी कप हातात धरून बसलो.

"लई वर्सं तो यायचा. मी उठून जायचो. आता वाटतं, बसाय पायजे व्हतं. शीला म्हणायची, त्याला बोला. मी म्हणायचो, आधी त्यानं बोलावं. त्यानं एकदा म्हणलं असतं, दाजी चुकलं माझं, तर मी काय धरून बसलो असतो व्हय? कवाच सोडलं व्हतं मी ते. निस्तं त्याच्या तोंडून आयकायचं व्हतं."

समोर रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. तो लांब जाईपर्यंत दाजी थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला कधी काय बोलला व्हता का तो? का केलं त्यानं असं?"

इतकी वर्षं बसमध्ये तयार केलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. दाजी, तो रशीद नव्हता. लिहिलं मी, इजाजत मिळाली म्हणून खोटं मी बोललो, सासरचं वाक्य माझं, आणि त्या मिटलेल्या मुठीत कुणाचा दंड होता हे ठाऊक असून गप्प राहिलो तोही मी. चुकलं माझं. शब्दसुद्धा ठरलेले होते. माणूस समोर होता, घरात कुणी नव्हतं, आणि तो मागून घेत होता.

"दाजी," मी म्हणालो.

"हं?"

"चहा निवतोय."